पाकळीवरची बिऱ्हाडं

संशोधन संस्थेत तिला सगळे पाकळीबाई म्हणायचे, आणि हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. त्यात तिचा नवरा घराच्या पुढच्या खोलीत बसून दातांच्या कवळ्या बनवायचा. हे कळल्यावर तर संस्थेतल्या मंडळींना हसण्याच्या उकळ्याच फुटल्या. "नवरा कवळीवाला, बायको पाकळीबाई. काय जोडा जमलाय!" असं चहाच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं. ती मागेच उभी होती. कपातली साखर ढवळता ढवळता म्हणाली, "कवळीची गरज तुम्हाला आज ना उद्या पडेलच. ह्यांच्याकडेच या, मी सांगून ठेवते." टेबलावर मग हशा पिकला, पण तो थट्टा करणाऱ्यावरच.

ती अशीच होती. लग्न झालं तेव्हा तिचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं. मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलगा, मग मुलाचं शिक्षण. मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि घर एकदम मोकळं झालं, तेव्हा तिनं जुनी पुस्तकं माळ्यावरून खाली काढली. चाळिशी उलटलेली बाई विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून परीक्षा देऊन आली. संस्थेच्या मुलाखतीत विभागप्रमुखांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी कसं काय सुचलं?"

"सुचलं होतं आधीच," ती म्हणाली. "वेळ आत्ता मिळाला."

विभागप्रमुखांना सगळे साहेब म्हणत. साहेबांचं सगळं आयुष्य पानांत गेलेलं. झाडांच्या पानांवर जे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, ते कोणते, किती आणि कशामुळे, हा त्यांचा विषय. संस्थेसमोरच्या सार्वजनिक बागेतून पानं खुडून आणायची, जिवाणू वाढवायच्या बशीतल्या आगारच्या, म्हणजे खळीसारख्या पोषक जेलीच्या, मऊ थरावर ती अलगद दाबायची, बशी झाकून इनक्युबेटरच्या उबदार पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर उगवलेले रंगीत ठिपके ओळखत बसायचं, हे तिचं काम. एकदा पानांच्या ताटलीत गुलाबाची एक पाकळी पडली. ती फेकून द्यायच्याऐवजी तिनं तीही एका बशीवर दाबली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बशा उघडल्या तर पानाच्या बशीवर नुसती दाटी झालेली. आणि पाकळीच्या बशीवर मोजकेच ठिपके, त्यातले बरेच फिकट गुलाबी, पानावर औषधालाही न सापडणारे. एकच फांदी, मध्ये वीतभराचं अंतर, आणि वस्ती मात्र वेगवेगळी.

ती दोन्ही बशा घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. "पान महिनोन्‌महिने टिकतं," ते म्हणाले. "पाकळी दोन दिवसांत गळते. दोन दिवसांच्या घरात कोण बिऱ्हाड थाटणार? वाऱ्यानं आलेली धूळ असेल."

"धूळ तर पानावरही पडतेच की, साहेब. मग ही गुलाबी मंडळी तिथं का नाहीत?"

"एका पाकळीवरून सिद्धांत मांडू नका."

हे मात्र साहेबांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे तिला पटलं. म्हणून ती एका पाकळीवर थांबलीच नाही. पानांचं नेमून दिलेलं काम उरकायचं आणि मग बागेत जायचं. माळी आधी वैतागला, मग तिला फुलं दाखवायला लागला. गुलाब, शेवंती, जास्वंद, सूर्यफूल, कुंपणावरच्या वेली, जे उमलेल ते. काही कळ्या उमलायच्या आतच तिला झाकून ठेवायच्या होत्या, म्हणजे मधमाशीचा पाय लागणार नाही. त्यासाठी मलमलच्या पिशव्या हव्या होत्या. संस्थेच्या भांडारात मागितल्या तर भांडारवाला म्हणाला, असलं काही आमच्याकडे नसतं. मग सासूबाईंनी आपलं शिलाई मशीन उघडलं.

"आता फुलांनाही झबली शिवायची का?" सासूबाई म्हणाल्या. तोंडातली कवळी लेकानं बनवलेली, त्यामुळे बोलणं अगदी खणखणीत. "माझ्या नातवाला इतकी शिवली नव्हती."

"नाडी जरा लांब ठेवा, आई. देठाला बांधायचीय."

"मला शिकवू नकोस. मी पोलकी शिवत होते तेव्हा तू कळीतही नव्हतीस."

पिशव्या मात्र अशा नेटक्या झाल्या की माळ्यानं एक मागून घेतली.

हळूहळू तिला पाकळीची गोष्ट उलगडत गेली. कळी बंद असते तेव्हा आतली पाकळी जवळजवळ रिकामी असते, नुकत्याच रंग दिलेल्या खोलीसारखी. ती उमलली की पहिले पाहुणे हवेतून येतात. त्यांतल्या सगळ्यांना थारा मिळत नाही. फुलाचा जो वास आपल्याला गोड लागतो, तोच काही जिवाणूंच्या जिवावर उठतो आणि काहींना मात्र तो चक्क जेवणासारखा पुरतो. मग मधमाशी येते, आणि आधीच्या दहा फुलांवरचं काहीबाही पायांना चिकटवून आणते. पिशवीतल्या फुलावर ती मंडळी सापडतच नाहीत. पाऊस झाला की अर्धी वस्ती वाहून जाते. पाकळी मलूल होऊन कडेनं तपकिरी पडायला लागली की वास सरतो, आणि इतका वेळ दाराबाहेर ताटकळलेले दांडगट आत घुसतात. आणि त्या गुलाबी ठिपक्यांच्या शेजारी तिनं फुलं सडवणारी बुरशी ठेवून पाहिली, तर बुरशी त्यांच्या अंगणात पाऊलच टाकेना. म्हणजे दोन दिवसांच्या घरात बिऱ्हाडं होती, भाडेकरू होते आणि एक राखणदारही होता.

साहेब आता 'धूळ' म्हणेनासे झाले. पण 'शाबास'ही म्हणाले नाहीत.

वर्षातून एकदा संस्था सामान्य लोकांसाठी दारं उघडी ठेवायची. त्या दिवशी तिच्या टेबलाशी बरीच गर्दी झाली, कारण तिच्या बशा रंगीत होत्या. एक तरुण बातमीदार खूप वेळ उभा होता. त्यानं विचारलं, "म्हणजे एका फुलावर हे किती असतील?"

"लाखांनी असतील. पण त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्या वाटेला जात नाहीत. उलट—"

"लाखांनी," असं म्हणत त्यानं फोनमध्ये टिपून घेतलं. पुढचं त्यानं ऐकलं की नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. वर्तमानपत्राच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: 'सावधान! फुलांवर लाखो जंतूंचा सुळसुळाट'. शेजारी गुलाबाचं चित्र, त्यावर कवटी काढलेली. खाली तिच्या संस्थेचं नाव.

तिनं त्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मथळा मी देत नाही." तिनं मथळा देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "लाख म्हणालात की नाही?" म्हणाली होती. तिनं फोन ठेवला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. आपलेच शब्द, आणि त्यांचं हे असं करून ठेवलेलं. नवरा कवळीला पॉलिश करत होता. तो म्हणाला, "चार दिवसांत विसरतील लोक."

लोक विसरले नाहीत. चौथ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली, आणि त्यांना साध्या वॉर्डात हलवलं. त्या दिवशी ती डबा घेऊन निघाली, तेव्हा वाटेत चौकातल्या दुकानातून तिनं पिवळ्या शेवंतीची एक जुडी घेतली. सासूबाईंना पिवळा रंग आवडायचा.

वॉर्डाच्या दारात सिस्टरनं हात आडवा केला. "फुलं आत नाही न्यायची."

"का बरं?"

"पेपर वाचत नाही का तुम्ही? फुलांवर लाखो जंतू असतात. शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय." तिनं जुडी हातातून घेतलीसुद्धा, दोन बोटांत उंदीर धरावा तशी, आणि झाकणाच्या बादलीत टाकली. "वरून आदेश आलाय. आमचा इलाज नाही."

आत सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. खाटेवरूनच त्या ओरडल्या, "अगं बये, ती शास्त्रज्ञ हीच! माझी सून!"

सिस्टरनं वळून पाहिलं. तिला आधी थट्टा वाटली. मग ती म्हणाली, "मग तर तुम्हाला कळायलाच हवं होतं."

हा टोला तिच्या वर्मी बसला. डबा भरवून ती बाहेर आली, तर खरा प्रकार रुग्णालयाच्या फाटकाशी तिची वाट पाहत होता. तिथं कडेला एक बाई बरीच वर्षं फुलं विकायला बसायची. बादल्यांत गुलाब, शेवंती, जरबेरा. आज बादल्या रिकाम्या उलट्या पडल्या होत्या आणि रुग्णालयाचा पहारेकरी तिची मोडकी छत्री उचलून फूटपाथच्या पलीकडे ठेवत होता. फुलवाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आत नेऊ देत नाहीत तर विकत कोण घेणार?" फुलवाली येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती. "आणि आता म्हणे फाटकाशी बसूही नको. कोण ती बाई, फुलांवर जंतू शोधणारी? तिला म्हणावं, माझ्या पोटावर पाय दिलास, ये आता, माझ्या चुलीवर काय रांधतेस ते बघते."

निघून जाणं सोपं होतं. तिला कोणीही ओळखत नव्हतं. ती पुढं झाली आणि म्हणाली, "ती मीच."

फुलवालीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग अशी काही बोलली की पहारेकऱ्यानंही छत्री खाली ठेवली. पाकळीबाईनं सगळं ऐकून घेतलं. फुलवालीचा दम संपल्यावर म्हणाली, "पेपरात आलं ते मी बोललेच नाही. अर्धंच छापलं त्यांनी."

"मग सांगा ना जाऊन! सांगा, फुलांवर काही नसतं म्हणून. तुम्ही सांगितलं की संपलं."

"असतं की. ते कसं नाही म्हणू?"

"अहो, माझ्यासाठी एवढं खोटं बोलायला काय जातं?"

"खोटं बोलून बसवलं तर पुन्हा कोणीतरी उठवेल तुम्हाला. मी खरं सांगून बसवते."

"तुमच्या खऱ्यानंच तर उठवलंय," फुलवाली म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे. एरवी ते उभ्यानंच बोलत.

"गवगवा झालाय," साहेब म्हणाले. "वरिष्ठ नाराज आहेत. आता यावर कोणीही, काहीही बोलायचं नाही. ना पेपरशी, ना रुग्णालयाशी. आपोआप थंड होईल."

"रुग्णालयानं आपल्या संस्थेचं नाव पुढं करून फुलांवर बंदी घातलीय, साहेब. आपण गप्प बसलो तर ते खरंच आहे असं होतं."

"तुमचं कंत्राट या महिनाअखेर संपतंय. ते पुढं चालू ठेवायचं की नाही हे मलाच ठरवायचंय. मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"कळलं म्हणजे ऐकलंच पाहिजे असं नाही ना, साहेब." ती उठली. दार ओढून बाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो साच्यात मेण ओतत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "काढून टाकतील?"

"टाकतील."

"मग काढू देत." थोड्या वेळानं म्हणाला, "पण बोलायचं असेल तर हातात काहीतरी घेऊन जा. मी तोंड बघून कवळी बनवत नाही, आधी माप घेतो."

हे तिच्या मनात होतंच. रुग्णालयाच्या फुलांबद्दल ती बोलणार होती, पण तपासली होती तिनं बागेतली फुलं. ती सरळ फुलवालीकडे गेली. फुलवाली आता पलीकडच्या बसथांब्यामागं उन्हात बसत होती.

"तुमची फुलं तपासायचीत. पाकळ्या, देठ, बादल्या, पाणी, सगळं."

"आणि त्यात आणखी काही निघालं तर?"

"तर तेही सांगेन."

"अशा मदतीपेक्षा वैर परवडलं, बाई," फुलवाली म्हणाली. पण तिनं बादली पुढं सरकवली. का सरकवली, ते तिनं कधी सांगितलं नाही. बहुधा समोरची बाई एवढ्या शिव्या खाऊन परत आली, याचंच तिला नवल वाटलं असावं.

सासूबाईंच्या वॉर्डात बंदीच्या आधीची एक फुलदाणी खिडकीत विसरलेली होती, वाळक्या काड्या आणि तळाशी हिरवट पाणी. सासूबाईंनी सिस्टरला बोलण्यात गुंतवलं, पायाला कळ आली म्हणून आईआई गं केलं, आणि तेवढ्यात सुनेनं फुलदाणीतलं पाणी लहान बाटलीत भरून घेतलं. "माझं नाटक कसं झालं?" नंतर सासूबाईंनी विचारलं. "जरा जास्तच," सून म्हणाली. "सिस्टर इंजेक्शन आणायला गेल्यात."

बशा उघडल्या त्या दिवशी तिनं खुर्ची ओढून एकेक बशी तपासली. पाकळ्यांवर तीच ओळखीची मंडळी होती, बागेतलीच, थोडी कमी, कारण ही फुलं बंद शेडमध्ये वाढलेली, मधमाशीचं तोंड न पाहिलेली. त्यात घाबरण्यासारखं काही सापडलं नाही. फुलदाणीच्या शिळ्या पाण्याची बशी मात्र गच्च भरलेली होती, आणि त्यात असे काही जिवाणू होते की जे उघड्या जखमेजवळ कोणालाही नको असतील. फुलवालीच्या एका बादलीतही तेच होते. पाकळीवरची वस्ती ठरवतात फुलाचा वास, ऊन, वारा. पाण्यात यांतलं काहीच नाही. तिथं फक्त साचणं होतं, आणि ते माणसांनी साचू दिलेलं होतं.

हे फुलवालीला सांगायला गेली तेव्हा पुन्हा ठिणगी उडाली.

"म्हणजे शेवटी माझ्यावरच आलं!"

"बादलीवर आलं. तुमच्यावर नाही."

"बादली कोणाची मग?"

"रोज पाणी ओतायचं, बादली घासायची, उन्हात पालथी घालायची. एवढंच."

फुलवाली पुटपुटत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या बादल्या फूटपाथवर ओळीनं पालथ्या घातलेल्या होत्या आणि इतक्या घासलेल्या, की त्यांच्यावरच्या रंगाच्या कंपनीची अक्षरंही पुसली गेली होती.

रुग्णालयाच्या अधीक्षक एक पोक्त डॉक्टरबाई होत्या. पाकळीबाई त्यांच्या खोलीबाहेर जाऊन बसली, आत बोलावतील तोवर उठली नाही. अधीक्षकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी आमची बैठक आहे. तिथं या आणि सगळ्यांसमोर सांगा. पण तुमच्या विभागप्रमुखांनाही बोलावते. एकाच संस्थेची दोन तोंडं नकोत मला."

गुरुवारी लांबलचक टेबलाभोवती डॉक्टर, मेट्रन आणि कार्यालयातली मंडळी बसली होती. साहेब आधीच आले होते. तिला पाहून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांना आधी बोलायला सांगितलं. ते गुळगुळीत बोलले: संशोधन प्राथमिक आहे, निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल, रुग्णालयानं खबरदारी घेतली ती योग्यच आहे, संस्था यावर सध्या भाष्य करू इच्छित नाही.

मग ती उभी राहिली. तिनं बशा टेबलावर मांडल्या आणि पाकळीवर काय असतं, का असतं, पाण्यात काय होतं, ते सांगितलं. मध्येच साहेब म्हणाले, "बाई, हे अजून कुठं छापून आलेलं नाही."

"बंदीही छापून आलेल्या शास्त्रावर घातलेली नाही, साहेब. ती मथळ्यावर घातलीय. आणि तो मथळा माझ्या तोंडून निघालेल्या अर्ध्या वाक्यावर उभा आहे. उरलेलं अर्धं सांगायला मी आलेय. ते मी सांगूनच जाणार."

टेबलाच्या टोकाला कोणीतरी खाकरलं. अधीक्षक मात्र तिच्याकडे रोखून पाहत होत्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग मला एक सांगा. भाजलेल्यांच्या वॉर्डात, ज्यांच्या अंगावर कातडीच राहिलेली नाही, त्यांच्या उशाशी मी तुमचं फूल ठेवू का? ज्यांच्या अंगात जंतूंशी झगडायची ताकदच उरलेली नाही, त्यांच्याजवळ ठेवू?"

दारातून फुलवाली डोकावत होती. पहारेकऱ्याची नजर चुकवून ती वर कशी आली कोण जाणे. तिच्याकडे पाहत पाकळीबाई म्हणाली, "नाही. तिथं नका ठेवू. तिथं तुमची बंदी बरोबर आहे. आणि ती आजची नाही, पेपरच्या आधीही तुम्ही तिथं फुलं नेऊ देत नसालच."

"नव्हतोच," अधीक्षक म्हणाल्या.

"मग बाकीच्या वॉर्डांवर ती का? तिथल्या फुलदाण्यांतलं पाणी रोज बदलायला लावा. बदलता येत नसेल तर फुलदाणीवर बंदी घाला. फुलावर घालू नका. माझी सासू तुमच्या वॉर्डात पडून आहे. तिच्या उशाशी मी स्वतः फूल ठेवेन, याहून मोठी खात्री मला देता येणार नाही."

मेट्रनबाईंनी तक्रार केली की रोज पाणी बदलायला माणसं कुठून आणायची. त्यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: अतिदक्षता आणि भाजलेल्यांच्या विभागात फुलं नाहीत, बाकी वॉर्डांत चालतील, पण फुलदाणी आणि पाणी ज्यानं फूल आणलं त्याच्या जबाबदारीवर, आणि शिळं दिसलं की सिस्टरनं टाकून द्यावं. फुलवालीला फाटकाजवळची जुनी जागा मिळाली नाही, तिथं आता रुग्णवाहिका वळवायला मोकळी जागा ठेवायची होती. तिला बाजूच्या लहान दाराशी बसायला सांगितलं. तिथं ऊन कमी लागतं, पण गिऱ्हाईकही कमी येतं.

जिन्यात फुलवालीनं तिला गाठलं. "भाजलेल्यांच्या वॉर्डाचं का कबूल केलंत? जरा दामटून न्यायचं होतं की."

"ते खरं होतं म्हणून."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," फुलवाली म्हणाली. मग जिना उतरता उतरता थांबली. "पण तो तुमचा कोटवाला साहेब तुमच्यावर डोळे वटारत होता, आणि तुम्ही बसला नाहीत. ते आवडलं मला."

साहेब गाडीपाशी उभे होते. ती त्यांच्यासमोरून गेली तेव्हा म्हणाले, "तुम्ही चूक बोलला नाहीत. पण मी सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतं," ती म्हणाली.

महिनाअखेर कंत्राट संपलं आणि पुढं चालू झालं नाही. पाकळीचं काम बंद करून बशा धुऊन ठेवा, असा निरोप आला. तिनं बशा धुतल्या. आपल्या निरीक्षणांवर मात्र तिनं कोणाला हात ठेवू दिला नाही. साहेबांनी आपलं नाव वर आणि तिचं खाली, असा लेख छापायचा प्रस्ताव एका सहकाऱ्याकरवी पाठवला, तेव्हा तिनं त्याच सहकाऱ्याकरवी उत्तर पाठवलं की पाकळीला धूळ म्हणणाऱ्याचं नाव पाकळीच्या लेखावर शोभणार नाही. नंतर तो लेख एका लहानशा नियतकालिकात आला, तिच्या एकटीच्या नावानं. फार कोणी वाचला नाही. ज्यांनी वाचला त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या देशांतून तिला कळवलं की आमच्याकडच्या फुलांवरही असंच दिसतंय, आणि एकानं कळवलं की आमच्याकडे अजिबात तसं दिसत नाही. हा तिसरा तिला सगळ्यांत आवडला. त्याच्याशी ती पुढं महिनोन्‌महिने भांडत राहिली.

घरी बसावं लागलं तेव्हाचे काही महिने वाईट गेले. सासूबाई काठी टेकत चालायला लागल्या होत्या आणि सुनेचं तोंड उतरलेलं त्यांना बघवेना. "मूग गिळून बसली असतीस तर आज तिथं असतीस," त्या एकदा म्हणाल्या. आणि मग लगेच, "पण मग मला तू आवडली नसतीस. आधीच फारशी आवडत नाहीस."

शेवटी शहराच्या टोकाला असलेल्या एका छोट्या महाविद्यालयात तिला शिकवायची जागा मिळाली. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन नळ, त्यांतला एक गळका, आणि एक इनक्युबेटर, ज्याचं दार दोरीनं बांधून बंद करावं लागायचं. प्राचार्य भला माणूस होता. त्यानं तिला सगळी इमारत फिरवून दाखवली. मागच्या भिंतीवर एक रानवेल चढलेली होती, संध्याकाळी उमलणारी, पांढऱ्या फुलांची. तिथं ती थांबली.

"ह्या फुलांकडे मधमाशी येत नसणार," ती म्हणाली. "ह्यांच्याकडे पतंग येत असतील. मग ह्यांच्यावर कोण राहतं?"

"बाई, अभ्यासक्रमात पानं आहेत," प्राचार्य जरा बिचकत म्हणाला. "फुलं नाहीत. आणि ह्यातून निघणार काय?"

"ते माहीत नाही. माहीत असतं तर कशाला बघितलं असतं?"

तिनं पर्समधून कात्री काढली, एक कळी देठासकट कापली आणि प्राचार्याच्या हातात दिली. मग दोरी सोडून इनक्युबेटरचं दार उघडायला ती आत निघून गेली.